येवल्याची अंबा पडद्यावरची ‘खाष्ट सासू’ कशी झाली?

ललिता पवार यांचा जन्म पैठणीच्या येवल्यातला, १८ एप्रिल १९१६ चा. मूळ नाव अंबा. मूकपटांत बालकलाकार म्हणून सुरुवात करून त्या पुढे नायिका झाल्या. ‘कैलाश’ (१९३२) या मूकपटाच्या तर त्या सहनिर्मात्याही होत्या.

मग वळण कुठे आले? १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान दादांची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. नायिकेच्या भूमिका संपल्या, काम मात्र थांबले नाही. तोच बारीक डोळा खाष्ट सासूची ओळख ठरला. ‘अनाडी’तील (१९५९) प्रेमळ मिसेस डिसाने फिल्मफेअर मिळवून दिले; १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिकेतील मंथरा घराघरांत पोहोचली.