आधी रक्ततपासणी, मग औषध

ऐन पेरणीत लाल कंधारी बैलास ताप भरला, की हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याचा हंगामच अडतो. थायलेरिया व बबेसिया हे रोग गोचिडांमुळे, तर सर्रा चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो. ताप तिन्हींत येतो. परंतु थायलेरियास बुपार्वाक्वोन व बबेसियास डायमिनाझिन, अशी औषधे भिन्न आहेत. म्हणून केवळ अंदाजाने उपचार करू नये.

ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये रक्तातच सर्रा रोगाचा परजीवी पाहिला. आजही कानाच्या शिरेतील थेंब काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या वाहक जनावरांत परजीवी अत्यल्प असल्याने ते काचपट्टीवर सुटून जातात. तेथे प्रतिपिंडे शोधणारी एलायझा किंवा परजीवीचा डीएनए ओळखणारी पीसीआर चाचणी उपयोगी पडते.

ताप दिसताच, औषध देण्यापूर्वीच, पशुवैद्यकाकडून रक्तनमुना घेववावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट पशुपालकांच्या मनावर बिंबवावी.