आधी गुण ठरवा, मग उमेदवाराला बोलवा

महसूल खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींच्या सराव मुलाखती घेते. पॅनेलवर बसताना माझी एकच अट असते. उमेदवार आत येण्याआधी प्रश्न ठरलेले हवेत आणि कोणत्या उत्तराला किती गुण, तेही कागदावर हवं. ‘मुलगा खुर्चीत बसला की कळतं’ म्हणणारे परीक्षक मी खूप पाहिलेत. त्यांना बहुतेकदा दिसतात ते कपडे आणि सफाईदार इंग्रजी.

संरचित मुलाखतीत आधी पदाचं काम बघतात आणि त्यातूनच प्रश्न काढतात. ते सगळ्यांना सारखेच. आमचा एक प्रश्न असा: तुम्ही तहसीलदार आहात, मे महिना आहे, दोन वस्त्यांना मिळून एकच टँकर आहे आणि एका सरपंचांचा फोन आलाय, ‘आधी आमच्याकडे पाठवा.’ काय कराल? ‘वरिष्ठांना विचारेन’ एवढ्यावर थांबला तर पाचपैकी एक. माणसं, जनावरं, चालू विहिरी यांची माहिती घेऊन खेपा वाटल्या तर तीन. त्याशिवाय खेपांची नोंद ठेवली, जवळची खासगी विहीर अधिग्रहित करायचं सुचवलं आणि सरपंचांना निर्णयाचं कारण सांगितलं, तर पाच.

जत भागातली एक मुलगी या प्रश्नाला अडखळत उत्तर देत होती. पण टँकर रिकामा झाल्यावर गावातल्या दोघांच्या सह्या घ्यायच्या, हे तिने आपणहून सांगितलं. नुसत्या गप्पांवर गुण दिले असते, तर ती मागे पडली असती. तक्त्यावर तिला पाच मिळाले.

उत्तर संपलं की प्रत्येकाने आपापले गुण लिहायचे, चर्चा नंतर. ज्येष्ठ परीक्षक आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच आकड्याकडे झुकतात. ‘आणखी काय कराल?’ हा उपप्रश्नही आम्ही सगळ्यांना एकदाच विचारतो.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत 2025 पैकी 275 गुण मुलाखतीचे. ती मराठीतही देता येते आणि लेखी परीक्षेचे गुण मंडळाला माहीत नसतात. या दोन्ही गोष्टी मला मोलाच्या वाटतात. प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या अर्जावरून निघतात, त्यामुळे दोन उमेदवारांची तुलना अवघड होते. हरियाणाच्या नागरी सेवा भरतीत तोंडी परीक्षेचा वाटा 22.2 टक्के होता. 1985 मध्ये अशोककुमार यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अवाजवी ठरवला आणि 12.2 टक्क्यांची मर्यादा घातली. केंद्राने जानेवारी 2016 पासून गट ब अराजपत्रित आणि त्याखालच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. वशिल्याचा एक रस्ता त्याने बंद झाला, हे चांगलंच झालं. पण जिथे लोकांशी रोज गाठ पडते, त्या पदांसाठी उमेदवाराचं ऐकून घ्यायलाच हवं. ते ऐकताना समोर तक्ता असावा, आणि निकालानंतर उमेदवाराने मागितल्यास त्यातले स्वतःचे गुण त्याला प्रश्नवार दाखवावेत.