जुनी मोटार आणि दोषांची जबाबदारी

जुन्या मोटारीच्या व्यवहारात उभय पक्षांची माहिती सहसा समान नसते. व्यापारी इंजिनाची नाडी जाणतो. ग्राहकाला दिसतो तो वरचा रंग. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये याच बाजाराच्या आधारे दाखविले की, खरेखोटे पारखता न आल्याने ग्राहक सर्वच गाड्यांना कमी किंमत देऊ करतो; परिणामी चांगल्या गाड्या बाजारातून हटतात.

म्हणूनच ग्राहकाला केवळ सावधगिरीचा उपदेश करून भागत नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार, व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असला पाहिजे, ही अट गृहीत असते. मात्र ग्राहकाने केलेल्या तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषांना ती लागू नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते.

परंतु तोंडी आश्वासन आयोगापुढे सिद्ध करणे कठीण. तेव्हा हमी लेखी घ्यावी, दोष आढळताच लेखी कळवावे आणि दुरुस्तीपूर्वी त्रयस्थ मेकॅनिकचा अहवाल मिळवावा. पगारदाराच्या अनेक वर्षांच्या बचतीचा हा प्रश्न आहे. शिवाय, दोष लपविणे महाग पडते असे दिसल्याखेरीज प्रामाणिक व्यापाऱ्यालाही या बाजारात टिकाव धरता येणार नाही.