श्वेतकोशिकार्बुद, मज्जाजन्य : उंदरांवरील संशोधन

अस्थिमज्जेतील (हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतकातील) रक्तजनक कोशिकांच्या (पेशींच्या) अनियंत्रित वाढीमुळे होणारा रक्ताचा कर्करोग. त्याचे चिरकारी (दीर्घकालीन) व तीव्र असे दोन मुख्य प्रकार आहेत. याचे मूळ जीनांमधील (आनुवंशिक एककांमधील) बदलांत असले, तरी ते बदल बहुधा जन्मानंतर मज्जाकोशिकांतच घडतात. त्यामुळे हा रोग सामान्यतः संततीत उतरत नाही. रुग्णाच्या कोशिकांत आढळलेला बदल हे रोगाचे कारण आहे की केवळ परिणाम, हे ठरविण्यास उंदरांवरील प्रयोग उपयोगी पडले आहेत.

चिरकारी प्रकाराच्या रुग्णांत पीटर नोएल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. ते ९ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीने बनते, असे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखविले. या अदलाबदलीत बीसीआर व एबीएल हे जीन जोडले जातात. यांपैकी एबीएल प्रथम उंदरांतील एका अर्बुदजनक विषाणूत ओळखला गेला होता. जॉर्ज डेली, रिचर्ड व्हॅन एटन व डेव्हिड बॉल्टिमोर यांनी १९९० मध्ये हा संयुक्त जीन विषाणूच्या द्वारे उंदरांच्या मज्जाकोशिकांत घातला व त्या कोशिकांचे इतर उंदरांत रोपण केले. त्यांपैकी काहींत मानवी रोगासारखाच रोग उद्‌भवला आणि संयुक्त जीन हे रोगाचे कारण असल्याचे सिद्ध झाले. या जीनापासून बनणाऱ्या प्रथिनाचे कार्य रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ पासून वापरात आहे.

तीव्र प्रकारात मात्र एकच बदल सहसा पुरेसा नसतो. एफएलटी३ जीनातील द्विरावृत्तीमुळे उंदरांत श्वेतकोशिका वाढतात, पण तीव्र रोग होत नाही. एनपीएम१ जीनातील बदलाची जोड मिळताच तो लवकर होतो. पीएमएल व आरएआरए यांचा संयुक्त जीन असलेल्या उंदरांपैकी काहींनाच, तेही कित्येक महिन्यांनी, तीव्र रोग होतो. अशा उंदरांत रेटिनॉइक अम्ल व आर्सेनिक एकत्र दिल्यास रोग नाहीसा होऊ शकतो, असे १९९९ मध्ये दिसून आले. पुढे हेच संयुक्त उपचार रुग्णांतही अत्यंत परिणामकारक ठरले.

महाराष्ट्रात या प्रकारच्या संशोधनाचा पाया मुंबई येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात घातला गेला. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक होते. तेथे कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी प्रायोगिक प्राण्यांच्या साहाय्याने श्वेतकोशिकार्बुद व स्तनाचा कर्करोग यांचा अभ्यास केला. या संस्थेचे कार्य आता नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या प्रगत संशोधन केंद्रात चालते.

उंदराचे आयुष्य सु. दोन-तीन वर्षांचे असते व त्याच्या प्लीहेत (पानथरीत) प्रौढपणीही रक्तनिर्मिती चालू राहते. मानवात निरोगी अवस्थेत तसे होत नाही. म्हणून उंदरांतील निष्कर्ष रुग्णांवरील चाचण्यांत पडताळल्यावरच उपचारांत वापरले जातात.