पत्त्याचा बिंदू आणि प्रदूषणाचे मोजमाप

संकल्पना

प्रदूषणाचा आरोग्यावरील परिणाम हजारो लोकांत तपासताना प्रत्येकाजवळ मापक यंत्र देणे शक्य नसते. म्हणून घराच्या पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढतात आणि त्या बिंदूवरील प्रदूषण हीच त्या व्यक्तीच्या वाट्याची मात्रा मानतात. पत्त्याचे बिंदूत रूपांतर करण्याच्या या क्रियेला जिओकोडिंग म्हणतात.

चूक कुठे शिरते

अमेरिकेत दीर्घकाळ रुळलेली पद्धत रस्त्याच्या तुकड्यांवर आधारलेली आहे. तेथील जनगणना विभागाच्या ‘टायगर’ नकाशांत प्रत्येक तुकड्यावरचे पहिले व शेवटचे घरक्रमांक नोंदलेले असतात. तुकडा 100 ते 198 क्रमांकांचा असेल, तर 150 क्रमांकाचे घर साधारण मध्यावर धरले जाते. सर्व भूखंड सारख्या रुंदीचे आहेत, हे यामागचे गृहीतक. शहरात ते बऱ्यापैकी टिकते. ग्रामीण भागात घर रस्त्यापासून बरेच आत असते आणि बिंदू शेकडो मीटर सरकू शकतो. टपालपेटीच्या क्रमांकावरून तर घराचा ठावठिकाणाच लागत नाही.

किती चूक चालते

हे प्रदूषकावर ठरते. सूक्ष्म धूलिकणांची पार्श्वभूमी पातळी शहरभर सावकाश बदलते. तिथे थोडी चूक खपते. वाहनांच्या धुरातील काजळी व अतिसूक्ष्म कण मात्र महामार्गापासून काहीशे मीटरांतच झपाट्याने घटतात. अशा वेळी 100 मीटरांच्या चुकीने रस्त्यालगतचे घर दूरचे ठरते.

निष्कर्षावरील परिणाम

चूक आजारी आणि निरोगी गटांत सारखीच असेल, तर जोखीम सहसा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. न जुळणारे पत्ते वगळल्याने होणारे नुकसान याहून गंभीर मानावे लागेल: त्यात ग्रामीण लोक अधिक गळतात आणि नमुनाच एकांगी होतो.

मर्यादा

बिंदू थेट छतावर बसला तरी माणूस दिवसभर घरी नसतो. कर्करोगासारख्या सावकाश वाढणाऱ्या आजारात तर अनेक वर्षांपूर्वीचा पत्ता आजच्यापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

भारतातील स्थिती

‘मारुती मंदिरामागे’ यांसारख्या खुणांच्या पत्त्यांना घरक्रमांकांचे गणित लागू पडत नाही. पिनकोड सापडतो, पण त्याचे क्षेत्र मोठे असते. टपाल विभागाने 2025 मध्ये आणलेला दहा अक्षर-अंकांचा डिजिपिन सुमारे 4 मीटर बाजूची चौकट दाखवतो. त्याआधीच्या रुग्णालयीन नोंदींत मात्र तो नाही.