‘नैसर्गिक’ या शब्दाचा दिलासा

पंजाबातील फरिदकोट येथे विशेष मुलांसाठी चालणारे एक केंद्र आहे. तेथील मुलांचे केस २००९ च्या सुमारास जर्मनीतील एका प्रयोगशाळेत तपासले गेले. शंका जड धातूंच्या विषबाधेची होती. त्यात युरेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. लगेच दोन संशयित पुढे आले. एक, भटिंडा परिसरातील औष्णिक वीजकेंद्रांची राख. दुसरा, अफगाणिस्तानातील युद्धातून वाऱ्याबरोबर आलेली क्षीण युरेनियमची, म्हणजे वर्तमानपत्रांतल्या ‘डिप्लिटेड युरेनियम’ची, धूळ.

काही वर्षांनी मी माळव्यातील एका गावात गेलो, तेव्हाही पिंपळाच्या पारावरची वडीलधारी मंडळी या दुसऱ्याच संशयिताविषयी बोलत होती. मला त्याचे नवल वाटले नाही. दोष परक्याच्या तोफगोळ्यावर टाकता आला की घरच्या विहिरीकडे पाहावे लागत नाही.

क्षीण युरेनियम हे समृद्धीकरणानंतर उरलेले युरेनियम. निसर्गातल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ हे समस्थानिक सुमारे ०.७ टक्के असते. अणुभट्टीसाठी ते काढून घेतल्यावर मागे साधारण ०.२ ते ०.३ टक्के राहते. या उरलेल्या धातूची किरणोत्सारिता नैसर्गिक युरेनियमच्या सुमारे ६० टक्के असते. घनता मात्र शिशाच्या जवळजवळ १.७ पट. म्हणून तो विमानांच्या समतोलासाठी, किरणोत्सारी स्रोतांभोवतीच्या कवचासाठी आणि रणगाडा भेदणाऱ्या गोळ्यांसाठी वापरला जातो. आदळताच तो पेट घेतो आणि त्याच्या ऑक्साइडची बारीक धूळ उडते. १९९१ च्या आखाती युद्धात असा सुमारे ३०० टन धातू झाडला गेला. त्याचे अल्फा किरण त्वचेलाही भेदू शकत नाहीत. धोका आहे तो धूळ श्वासातून किंवा अन्नपाण्यातून शरीरात गेली तर. ही धूळ जड असल्याने बहुतांश लक्ष्याच्या आसपासच बसते. अफगाणिस्तानात असे गोळे वापरले गेले की नाही, हाच मुळात वादाचा विषय. तेथून ती धूळ माळव्यापर्यंत येईल, हे तर्काला पटणारे नव्हते.

तर्कावर अवलंबून राहण्याचीही गरज नव्हती. २३५ आणि २३८ या समस्थानिकांचे गुणोत्तर हा युरेनियमच्या उगमाचा ठसाच असतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने पाण्याचे नमुने तपासले आणि ते गुणोत्तर नैसर्गिक निघाले. युद्धाचा संशय तिथेच संपला. माझी तक्रार त्यानंतर जे घडले त्याविषयी आहे.

‘नैसर्गिक’ हा शब्द ‘निरुपद्रवी’ या अर्थाने ऐकला गेला. वस्तुतः नैसर्गिक युरेनियम क्षीण युरेनियमपेक्षा अधिक किरणोत्सारी आहे, आणि रासायनिकदृष्ट्या दोन्ही एकच. पिण्याच्या पाण्यातील युरेनियमचा मुख्य धोका किरणांचा नाही, मूत्रपिंडांवरील रासायनिक विषारी परिणामाचा आहे. धातू गोळ्यातून आला की खडकातून, याचा मूत्रपिंडाला काहीच पत्ता लागत नाही. (केसांतील युरेनियम शरीराशी संपर्क झाल्याचे सांगते, त्या मुलांचे अपंगत्व त्यामुळेच आले, असे त्यातून सिद्ध होत नाही. हा भेद त्या वेळी दोन्ही बाजूंनी पाळला नाही.)

मग हे युरेनियम पाण्यात उतरते कसे? गाळातील युरेनियम बायकार्बोनेटयुक्त पाण्यात सहज विरघळते. बेसुमार उपशाने पाण्याची पातळी खाली गेली की भूस्तरांत ऑक्सिजन शिरतो आणि हे विरघळणे वाढते. खतांतील नायट्रेटही त्याला हातभार लावतो. म्हणजे युरेनियम निसर्गाचे असले, तरी ते नळापर्यंत येण्यात भात-गव्हाच्या धोरणाचा, फुकट विजेचा आणि खोल जाणाऱ्या बोअरचा वाटा आहे. राजस्थान आणि गुजरातच्या भूजलातही हीच लक्षणे नोंदली गेली आहेत.

मर्यादेचा गोंधळ तर आपण स्वतःच करून ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली होती, तर आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची ६० होती. ४५ मायक्रोग्रॅमचे पाणी एका कागदावर पिण्यायोग्य आणि दुसऱ्यावर अयोग्य! आता भारतीय मानक ब्यूरोनेही ३० चाच आकडा स्वीकारला आहे, पण मानक बदलल्याने बोअरचे पाणी बदलत नाही.

त्या गावात आरओ संयंत्र होते. एक वृद्ध बीबीजी तिथून कॅन भरून नेत होत्या. घरी जनावरांना आणि स्वयंपाकाला कोणते पाणी, असे विचारले तेव्हा त्यांनी अंगणातल्या हातपंपाकडे बोट दाखवले. आरओने वेगळे काढलेले, युरेनियम अधिक एकवटलेले पाणी मागच्या उघड्या नालीत पडत होते. संयंत्र चालवणाऱ्या तरुणाला मी तपासणीचा अहवाल मागितला. शेवटचा अहवाल कधी आला, हे त्याला आठवेना. अहवाल पंपाच्या भिंतीवर गुरुमुखीत लावता येणार नाही का, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘साहेब, आकडा कोणी दिला तर लावू.’’