देशात स्टिअरिंगला बंदी, हातात रेसिंगचं लायसन : रीमा जुफाली यांचा प्रवास

सौदी अरेबियात महिलांना गाडी चालवण्याची मुभा देणारा शाही हुकूम सप्टेंबर 2017 मध्ये निघाला आणि 24 जून 2018 पासून तो अमलात आला. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत, ऑक्टोबर 2018 मध्ये, जेद्दाची एक तरुणी अबूधाबीच्या यास मरीना सर्किटवर रेसला उभी राहिली. तिचं नाव रीमा जुफाली. रेसिंगचं लायसन त्यांनी 2017 मध्येच काढून ठेवलं होतं, म्हणजे स्वतःच्या मुल्कात रस्त्यावर गाडी चालवायची परवानगी नव्हती तेव्हाच.

त्यांचा जन्म 1992 चा. शिक्षणासाठी त्या अमेरिकेत बोस्टनला गेल्या, तिथेच गाडी शिकल्या. तोवर रेसिंग हा फक्त शौक होता, टीव्हीवर फॉर्म्युला वन पाहायचं एवढंच. या खेळात साधारणपणे मूल सात-आठ वर्षांचं असताना त्याला कार्टमध्ये बसवतात आणि पंधराव्या वर्षी ते फॉर्म्युला फोरच्या गाडीत जातं. रीमा यांनी पहिली रेस केली तेव्हा त्या 26 वर्षांच्या होत्या. एप्रिल 2019 मध्ये ब्रँड्स हॅचला ब्रिटिश फॉर्म्युला फोरमध्ये उतरल्या, तर शेजारच्या गाड्यांत पंधरा-सोळा वर्षांची पोरं! त्या पोरांच्या गाठीशी कार्टिंगचा सात-आठ वर्षांचा अनुभव, यांच्याकडे जेमतेम काही महिन्यांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रियाधजवळच्या दिरियात त्या इलेक्ट्रिक जॅग्वार गाडीतून धावल्या. सौदीच्या भूमीवर रेस करणाऱ्या त्या पहिल्या सौदी महिला ठरल्या. 2021 मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री, आणि मग 2022 मध्ये त्यांनी रस्ता बदलला. एकट्याने बसायच्या गाड्या सोडून त्या स्पोर्ट्स कारकडे, म्हणजे जीटी रेसिंगकडे वळल्या.

हा बदल नीट समजून घ्यायला हवा. उशिरा सुरुवात करणाऱ्याला खरं दार इथेच सापडतं.

फॉर्म्युलाच्या छोट्या गाड्यांमध्ये ब्रेक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नसते, चाक घसरताना सावरणारं ट्रॅक्शन कंट्रोलही नसतं. जीटी3 गाडीत दोन्ही असतात. रीमा यांनी चालवलेली मर्सिडीज-एएमजी जीटी3 घ्या. 6.2 लिटरचं व्ही-8 इंजिन, ताकद भयंकर. पण ही दोन यंत्रणा असल्यामुळे कमी अनुभवाचा माणूसही ती हद्दीच्या जवळ नेऊ शकतो. शेवटचे काही दशांश सेकंद मात्र कसलेला ड्रायव्हरच काढतो, तो भाग वेगळा.

दुसरी गोष्ट म्हणजे इथे एकाच गाडीत दोन, तीन, कधी चार जण पाळीपाळीने बसतात. जगाची मोटरस्पोर्ट संघटना एफआयए ड्रायव्हरांची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी प्रतवारी करते. कुठल्या वयात सुरुवात केली, आजवर काय निकाल दिले, यावर ती ठरते. हौशी माणूस बहुधा ब्राँझ. आता गंमत अशी की अनेक स्पर्धांमध्ये गाडीत ब्राँझ ड्रायव्हर असणं सक्तीचं आहे. ल मान्सच्या 24 तासांच्या रेसमध्ये 2024 पासून एलएमजीटी3 गटात तसा नियम आहे. नुसता नावापुरता बसवून चालत नाही, त्याने किमान किती वेळ गाडी चालवायची हेही ठरलेलं असतं. त्यामुळे वेगवान ब्राँझ ड्रायव्हरला प्रत्येक टीम शोधत असते.

अर्थात या नियमामागे पैसा आहे, हे लपवायचं कारण नाही. हौशी ड्रायव्हर बहुतेक वेळा स्वतःच टीमचा खर्च उचलतो आणि त्याच पैशातून शेजारच्या व्यावसायिक ड्रायव्हरचा पगार निघतो. म्हणून "मेहनत केली की कुणालाही जमतं" असं पोरांना सांगणं बरोबर नाही. टायर, इंजिन, प्रवास, मेकॅनिक, सगळं महाग. प्रायोजक मिळवणं हे गाडी चालवण्याइतकंच मोठं काम आहे.

रीमा यांनी इथे वेगळी वाट काढली. 2022 मध्ये त्यांनी स्वतःची टीम उभी केली, थीबा मोटरस्पोर्ट. थीबा म्हणजे अरबीत लांडग्याची मादी. त्या वर्षी ही टीम युरोपातल्या इंटरनॅशनल जीटी ओपन मालिकेत उतरली. मालकही त्याच, ड्रायव्हरही त्याच. सौदी तरुणांना शिक्षण आणि इंटर्नशिपमधून या क्षेत्रात आणायचं, हे टीमचं जाहीर उद्दिष्ट आहे. मला ही गोष्ट रेसपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण गाडीत बसणारे दोन-तीनच असतात. टायरवाले, डेटा पाहणारे इंजिनिअर, हिशेब सांभाळणारे, ही मंडळी कितीतरी जास्त.

आपल्याकडे बरेच जण पोशाखाचं विचारतात. रेसमध्ये पुरुष असो की बाई, आगरोधक कापडाचा मनगटापासून घोट्यापर्यंतचा सूट, हातमोजे आणि हेल्मेटखाली डोकं-मान झाकणारी टोपी सक्तीचीच असते. फक्त डोळ्यांचा भाग उघडा राहतो. तेव्हा ही अडचण मुळात उभीच राहत नाही.

आणि एखाद्या घरात हे खूळ असेलच, तर भारतात रेसिंगचं लायसन एफएमएससीआय ही संघटना देते. तिचं अध्यक्षपद सांभाळलेले अकबर इब्राहिम स्वतः जुने रेसर, आणि अनेक ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली तयार झालेत. कोइम्बतूरचा करी स्पीडवे आणि चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट ही शिकायची ठिकाणं. सुरुवात कार्टिंगने करावी. ईदच्या रात्री हायवेवर बाइक उडवणाऱ्या मुलांना अब्बांनी एकदा अशा ट्रॅकवर न्यावंच. तिथे समोरून ट्रक येत नाही, वळणाबाहेर गाडी थांबायला मोकळी जागा असते, अँब्युलन्स उभी असते, आणि घड्याळ खरं काय ते सांगतं.

मार्च 2024 मध्ये जेद्दाच्या कॉर्निश सर्किटवर महिलांच्या एफ1 अकॅडमी मालिकेची रेस झाली, तेव्हा खास प्रवेश मिळालेल्या रीमा जुफाली स्वतःच्या शहरात धावल्या.